थंड डोक्याची लसपेटी

मित्रांनो, माझा निळा रंग आता जुन्या लुंगीसारखा विटला आहे, तरी ओळख सांगते: मी तंजावूरची एक जुनी लसपेटी. कारखान्यात माझ्या भिंती जाड केल्या आणि पोटात बर्फ ठेवायची सोय केली, त्यामुळे माझं डोकं कायम थंड असतं. आमच्या खात्यात हा गुण दुसऱ्या कुणात आढळल्याचं ऐकिवात नाही.

परिचारिका वासुकीच्या खांद्यावरून मी गल्लोगल्ली हिंडले. लोकांनी माझी स्तुती केली आणि एका लग्नात माझ्यात मोगऱ्याचे गजरेही ठेवले. पुढे नवी पेटी आली. मला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली बसवलं. यंदा गोवर आला, एका पेटीनं भागेना, तेव्हा मला धुऊन पुन्हा बाहेर काढलं. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं.

मेलवीथी रस्त्याजवळच्या एका दारावर कडुनिंबाचा डहाळा लटकत होता. आमच्याकडे याचा अर्थ, घरात अम्मा, म्हणजे गोवराची देवी, आली आहे. धाकट्या शिवराजची लस नातलगांच्या लग्नापायी पुढे ढकलली होती. गोवर मात्र मुहूर्त पाहत नाही. घरचा कायदा त्याच्या आजीचा, चंद्रमती अत्यांचा. अम्माला निरोप देणारं बाळाचं तिसरं न्हाणं होईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. वासुकी आमच्या मराठी माणसांतलीच, म्हणून तिला ओसरीपर्यंत येऊ दिलं. तिनं बाळाला तपासलं, औषध दिलं, आणि निघताना तिची नजर त्याच्या सात वर्षांच्या बहिणीच्या, रम्याच्या पायावर गेली. घोट्यावर कॉफीची पूड थापलेली होती.

रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू चावलं, सकाळी, नुसता दात लागला, असं अत्या म्हणाल्या. घरात अम्मा असताना पिल्लाचं काय घेऊन बसायचं?

वासुकीनं पहिल्यांदा रम्याचा पाय साबण लावून नळाखाली धरला, चांगला पंधरा मिनिटं. धरता धरता ती समजावत होती. गोवर म्हणजे हिंगाची फोडणी. रोगी खोलीतून उठून गेला तरी हवेत राहतो, लस न घेतलेल्याला बहुधा गाठतोच. तान्ह्या, अशक्त लेकरांचा जीवही घेतो, पण बहुतेक मुलं त्यातून उठतात. साध्या सर्दीला निदान जवळ यावं लागतं. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग घरोघर फिरत नाही, पण लक्षणं दिसली की डॉक्टरसुद्धा हात जोडतात. किती पसरतो आणि किती मारतो, हे दोन वेगळे प्रश्न. त्याची लस मात्र रम्याला आजच हवी, दवाखान्यात जाऊन.

"अम्मा घरात असताना पोरीला बाहेर नेलीस, तर तिचा कोप कोण सोसेल गे?" अत्यांनी विचारलं.

"अत्या, अम्मा पाहुणी आहे, राहून जाईल. हा रोग आला तर माणूस घेऊनच जातो."

अत्यांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "आणि पोरीच्या अंगातून गोवर दवाखान्यात पसरला तर?"

मित्रांनो, प्रश्न इतका नेमका होता की माझ्या पोटातला बर्फसुद्धा क्षणभर वितळायचा थांबला. वासुकीनं दवाखान्यात फोन लावला. मागच्या दारानं या, मास्क लावा, वेगळ्या खोलीत बघू, असं ठरलं. अत्या उठल्या. देवघरात कापूर लावून हात जोडले.

"अम्मा, तू बाळापाशी बैस. मी पोरीला नेऊन आणते."

आणि सुनेला बाळाजवळ ठेवून, अत्यांनी स्वतःच उंबरा ओलांडला. ऑटोत मी त्यांच्या मांडीवर होते. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

ते पिल्लू पुढच्या आठवड्यात लाळ गाळत मेलं. तोवर रम्याच्या जखमेत औषध गेलं होतं, दंडात लसही. उरलेल्या सुया तिनं अत्यांचा हात चिमटत घेतल्या. शिवराजचं तिसरं न्हाणं थाटात झालं. अत्यांनी गल्लीतल्या एकेका दारावर थाप मारून मुलं ओसरीवर बसवली आणि लस घेतल्याशिवाय कुणाला लाडू दिला नाही. संध्याकाळी मी रिकामी झाले. असं रिकामं होणं मोठ्या भाग्याचं.

दारावरचा डहाळा उतरवताना अत्यांनी त्यातली एक ताजी फांदी माझ्या मुठीला बांधली. रम्यानं विचारलं, पेटीला का? अत्या म्हणाल्या, "हिच्यातही अम्माच येते. फोड न येता."

तेव्हा मित्रांनो, लसीची तारीख लग्नासाठी ढकलू नका. कुत्रं चावलं तर कॉफी प्यायला ठेवा, जखम साबणानं धुवा आणि दवाखाना गाठा. आणि माझं काम झालं की मला पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा. टेबलाखाली दुसरं काहीतरी घाला.