हिरव्या आणि लाल दोऱ्यांमध्ये

सावळारामने अंगठ्याने गिअरशेजारची ती छोटी चाकी पुढे ढकलली. तिच्या कडेला चिकटवलेला हिरवा दोरा मागे गेला, लाल दोरा आला आणि अंगठा थांबला. मघापासून चिखलात नुसतं घसरणारं गाडीचं मागचं अंग एकदम जमिनीला चिकटलं. पुढची चाकं ओढू लागली, मागची ढकलू लागली. काचेवर चिखल उडाला, वायपरने तो पुसला आणि धुक्यातून दापोड्याच्या गोदामांची निळी छपरं हळूहळू वर आली.

आवाज कसलाच नव्हता. इंजिन ओरडत असणार हे त्याला पाठीला कळत होतं, कानांना नाही. त्याच्यासाठी ही गाडी पाण्याखालून जावी तशी जायची. शेजारी त्याचा मुलगा मितेश ओठ मिटून दोन्ही हातांनी स्टेअरिंग फिरवत होता. एक हात चाकीवर न्यायला त्याला सवड नसायची. म्हणून चाकी बापाकडे.

नव्या गोदामासाठी भराव घातलेला तो प्लॉट संपला आणि जुन्या गोदामाच्या आवारातलं कोरडं काँक्रीट लागलं. मितेशने खूण करायच्या आत सावळारामचा अंगठा मागे आला होता. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. गाडी सैल झाली आणि वळण घेऊन पत्र्याच्या शेडपाशी आली.

मितेशने इंजिन बंद केलं. एरवी अशा वेळी तो वडिलांच्या मांडीवर थाप मारायचा. आज त्याने अंगठा वर केला आणि दुसरीकडे पाहिलं.

नारपोलीत अडतीस वर्षं सावळाराम लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मिस्त्री होता. एका छपराखाली अठ्ठेचाळीस लूम. त्यांनी डावा कान पुरता नेला आणि उजव्यात थोडंसं ठेवलं, तेही कोणी अगदी जवळ येऊन बोललं तर. लूमच्या खात्यात तसंही कोणी तोंडाने बोलत नाही. ओठ वाचायचे आणि हाताच्या खुणा करायच्या. मूठ वळली की आवळ, पंजा उघडला की सैल. अडतीस वर्षं त्याचं याच्यावर भागलं.

तीन वर्षांपूर्वी मितेशने पुण्याच्या एका रॅलीवाल्याकडून ही जुनी जपानी गाडी आणली. ती चाकी काय करते, ते त्याने शेडच्या धुळीत बोटाने चित्र काढून समजावलं होतं. इंजिनाची ताकद मधल्या एका पेटीत येते. तिथून काही पुढच्या चाकांना जाते, काही मागच्या. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची आतून जातात, म्हणून दोघांना आपापल्या चालीने फिरू द्यावं लागतं. पण चिखलात तसं मोकळं सोडलं तर जी चाकं घसरतात तीच सगळी ताकद उधळून टाकतात. तेव्हा मधली पेटी आवळायची, पुढचं आणि मागचं एकमेकांशी बांधायचं. किती बांधायचं हे बहुतेक गाड्यांत गाडी बनवणारेच ठरवून ठेवतात. हिच्यात चालवणारा ठरवतो.

सावळाराम धुळीतल्या त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला होता.

"हा तं बीम हाय," तो म्हणाला होता.

लूमच्या मागे ताण्याचं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, असतं. त्याला दोरीचे वेढे देऊन दोरीला वजनं लटकवलेली असतात. पुढे कापड ओढलं जातं, मागे बीमने तेवढंच द्यायचं. वजन कमी पडलं तर कापड ढिलं येतं, जास्त झालं तर धागे तुटतात. सूत बदललं की वजन बदलायचं. कोणतं सूत, किती वजन, हे कुठे लिहिलेलं नसतं. ताण्यावर तळवा ठेवला की तळव्याला कळतं.

तरी पहिली चूक त्याने मिस्त्रीचीच केली. ताणा आवळलेला बरा, हे त्याच्या हाडात होतं. पहिल्याच दिवशी त्याने चाकी शेवटपर्यंत आवळली आणि मितेशला काँक्रीटवर वळायला लावलं. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं चालायचं होतं आणि चालता येत नव्हतं. गाडी ठेचकाळत वळली, जमिनीवर टायरांचे काळे ओरखडे उठले आणि खालचा एक जॉइंट तुटला. दुसऱ्या दिवशी सावळाराम खिशातून सुताचे चार तुकडे घेऊन आला. चाकी कुठवर आली हे दाखवणारे डॅशवरचे दिवे पहिल्या मालकाकडेच जळाले होते. त्याने चाकीच्या कडेला डिंकाने चार दोरे चिकटवले. कोरड्या रस्त्याला पांढरा, खडीला पिवळा, ओल्या मातीला हिरवा, चिखलाला लाल.

शेडमध्ये मेघाली चहा घेऊन उभी होती. ती त्याची सून, शेलार गावची. पलीकडच्या गोदामात स्कॅनरवर ड्युटी करायची, अंगात अजून कंपनीचं जाकीट होतं. बाकड्यावर एक खोकं उघडं पडलं होतं आणि त्यात नवं पांढरं हेल्मेट होतं.

सावळारामने ते उचललं.

"कोनाचा?"

मितेश खाली बसून टायरमधली माती उकरू लागला होता. सावळारामने हेल्मेट डोक्यावर चढवलं. ते कानांपाशी येऊन अडकलं. त्याने जोर लावला नाही, काढलंही नाही, तसाच उभा राहिला. मेघालीने कप ठेवले, दोन्ही हातांनी हेल्मेट अलगद वर उचलून घेतलं आणि त्याच्या उजव्या कानाशी आली.

"बाबा, रविवारच्या रॅलीच्या फॉर्मवर कानाच्या डॉक्टरची सही लागते. नवीन नियम आहे. शेजारी बसणाऱ्याला नीट ऐकू यायला पाहिजे."

"मंग तू जानार."

तिने मान डोलावली.

"मी काय कानानं चालवतंय?"

मितेश उठला आणि वडिलांना ओठ दिसतील असा समोर आला. "ते नाही मानत ना, बाबा. तीनदा फोन केला मी."

"कवा?"

"मागच्या आठवड्यात."

मागचा आठवडाभर ते रोज सकाळी या चिखलात येत होते. सावळारामने चहा संपवला, कप बाकड्यावर उपडा ठेवला.

"गाडी धुवा. माती सुकली का निघत न्हाय."

मंगळवारपासून तो तिला शिकवू लागला. मितेश नऊनंतर कामावर जायचा. मग सावळाराम स्वतः स्टेअरिंगवर बसायचा आणि बैलगाडीच्या चालीने प्लॉटला फेऱ्या मारायचा. मेघाली शेजारी, अंगठा चाकीवर. भाद्रपदातलं ऊन ढगांतून गाळून यायचं, प्लॉटच्या कडेला उरलेल्या दोन वावरांत भात निसवत होतं आणि लांब बायपासवरचे कंटेनर आवाजाशिवाय सरकत असायचे.

"मी लिहून घेऊ का, बाबा?"

"लिव. मंग ती वही चाकाखाली टाक आनि बग गाडी निघते का."

ती हसली. थोड्या वेळाने तिने पुन्हा मान खाली घालून दोऱ्यांकडे पाहिलं.

"डोल्यानं नको," तो म्हणाला. "ह्ये काय पार्सल हाय स्कॅन करायला? हात दे." त्याने तिचा डावा तळवा सीटखालच्या पत्र्यावर टेकवला. "आता मी वळतंय. काय लागतंय?"

"थरथर."

"कशी?"

तिने हवेत बोटं नाचवून दाखवली, तुटक तुटक. त्याने पंजा उघडला. तिने चाकी सैल केली आणि तळव्याखालचा पत्रा शांत झाला. तिने चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं. तो समोर पाहत होता.

बुधवारी ती मंगळवारसारखीच चुकली. गुरुवारी दोनदा बरोबर आली. तिसऱ्यांदा बरोबर आली तेव्हा सावळारामने विनाकारण ब्रेक मारला आणि आजच्यापुरतं बस झालं म्हणाला.

शुक्रवारी तिने घरी जाताना विचारलं, "लूमवर तुम्ही कधी चुकला नाहीत?"

"चुकलू ना. पर एक कवा केला न्हाय." तो चपलांतली माती झटकत होता. "शिफ्ट सुटली का पयलं काय करायचं?"

"लूम बंद."

"त्याच्या आधी. वजनं उतरवायची. ताणा आवळलेला ठेवून गेलं तं दुसरा येतो, चालू करतो, आनि पयल्याच फटक्याला धागे जातात. शिव्या त्याला पडतात." त्याने दुसरी चप्पल झटकली. "अडतीस वर्सांत मी कोनाला आवळलेला लूम दिला न्हाय."

शनिवारी सकाळी पुन्हा धुकं होतं. प्लॉट दिसत नव्हता, गोदामं दिसत नव्हती, शेडच्या पुढचं काँक्रीट थोडं दिसे आणि मग पांढऱ्यात विरून जाई. दुपारी गाडी ट्रेलरवर चढवून रॅलीसाठी इगतपुरीकडे न्यायची होती. त्याआधी शेवटची एक फेरी.

मितेश आणि मेघाली हेल्मेटचे पट्टे बांधत होते. सावळाराम फडकं घेऊन गाडीत शिरला आणि आपल्या जागेवर बसला. त्याने काच पुसली. डॅश पुसला. चाकीभोवतीची धूळ फडक्याच्या टोकाने काढली, चारही दोरे जागेवर आहेत का पाहिले. पुसता पुसता अंगठा चाकीवर आला आणि तिला पुढे नेत गेला. पांढरा, पिवळा, हिरवा. लाल दोऱ्यापाशी चाकी संपली.

चाकी त्याने मागे आणली नाही. मग अंगठा काढून घेतला, उतरला आणि दार लावलं.

मेघाली त्याच्या जागेवर बसली. मितेशने गाडी चालू केली. सावळाराम मागे सरला. धुक्यात गाडीचे मागचे दिवे लाल फुलांसारखे उमलले आणि पुढे गेले. त्याने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी काँक्रीटवर उभा राहिला.

वळण आलं. तळव्यांना आधी बारीक कळ आल्यासारखं वाटलं, मग जमीन तुटक तुटक थरथरू लागली. त्याच्या पायांची बोटं आत वळली. गाडी ठेचकाळली, आणखी एकदा ठेचकाळली आणि थांबली.

मितेशचं हेल्मेट मेघालीकडे वळलेलं दिसत होतं. तो काहीतरी विचारत असणार. मेघाली त्याच्याकडे पाहत नव्हती. ती काचेतून मागे, सावळारामकडे पाहत होती. इतक्या लांबून, धुक्यातून, तिचे डोळे काही दिसत नव्हते. नुसतं पांढरं हेल्मेट त्याच्या दिशेला वळलेलं.

त्याचा उजवा हात कमरेपर्यंत वर आला आणि पंजा अर्धा उघडला.

पण हेल्मेट तोवर पुढे वळलं होतं. गाडी हलली. तळव्यांखाली एक शेवटचा झटका आला आणि मग काहीच नाही. जमीन गप्प झाली. गाडी वळण पूर्ण करून धुक्यात नाहीशी झाली.

तो प्लॉटच्या कडेपर्यंत चालत गेला. ऊन वर येत होतं आणि धुकं जागोजाग फाटत होतं. गाडी दिसे, नाहीशी व्हायची, पुन्हा दुसरीकडेच दिसे. त्याने चाकांवरून उडणाऱ्या चिखलाकडे पाहिलं. लालवर पुढची आणि मागची चाकं चिखल सारखाच उडवतात. आज मागची किंचित जास्त उडवत होती. म्हणजे चाकी लालवर नव्हती. हिरव्यावर असती तर गाडी कोपऱ्यातल्या डबक्यात रुतली असती. ती रुतली नाही. नाक आत ठेवून, रोज जायची त्याहून आतून ती कोपऱ्यावरून गेली.

दोन फेऱ्यांनंतर मितेशने चिखलातच गाडी थांबवली. सावळाराम घोट्यापर्यंत रुतत तिथवर गेला. वाटेत तो एकदा वाकला. पुढच्या चाकांचा माग मागच्या चाकांनी जवळजवळ झाकला होता. कापड तपासताना लावायचा तसा त्याने मागाच्या कडेला हात लावून पाहिला. मग जाऊन मेघालीच्या बाजूचं दार उघडलं.

चाकी हिरवा आणि लाल यांच्या मध्ये होती. तिथे दोरा नव्हता.

"हितं का?"

मेघालीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. तिने मूठ वळून दाखवली, मग हात सरळ पुढे नेऊन बाहेरच्या बाजूला घसरवला. लालवर गाडीचं नाक बाहेर पळत होतं.

सावळारामने मान डोलावली. तीन वर्षं तेच नाक मितेशने दोन्ही हातांनी ओढून आत आणलं होतं आणि त्याला वाटायचं की चिखलात ते तसंच असतं.

"सुरुवातीला काय झालेलं गं?" मितेश पलीकडून मेघालीला विचारत होता. "मला वाटलं जॉइंट गेला परत."

मेघाली सावळारामच्या उजव्या कानाशी वाकली.

"बाबा, वजनं उतरवायची राहिली होती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना हसू. शिफ्ट बदलताना एका मिस्त्रीने दुसऱ्याला एखादी गोष्ट सांगावी, तसं तिने ते सांगितलं होतं.

"हां," तो म्हणाला. "राहिली."

मग त्याने चिखलाचा हात सदऱ्याला पुसला, खिशातून रंगीत सुताची गुंडाळी काढली आणि तिच्यातला निळा दोरा शोधू लागला.