आवाजाची पायरी

बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या त्या ऑफिसात कावेरीला दोन वर्षं झाली होती आणि हाताला वेग आला होता. काम एकच. कानाला हेडफोन लावायचा, एका बँकेच्या ग्राहकांचे फोनवरचे आवाज ऐकायचे आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा. इंग्रजी सफाईदार असेल तर ‘प्रीमियम’. अडखळत का होईना, निभावून नेणारा असेल तर ‘अ‍ॅस्पिरेशनल’. बाकी सगळे ‘मास’. या शिक्क्यांवरून मशीन शिकत होतं. पुढे ते स्वतःच माणूस ओळखणार होतं. मग प्रीमियमवाल्याचा फोन लगेच उचलला जाणार आणि मासवाला नुसतं संगीत ऐकत बसणार. कावेरी निपाणीची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दिवसाला चारशे आवाज उरकायची. कुणाच्या तोंडून ‘सर’ऐवजी ‘सार’ आलं, की पुढचं ऐकायचीसुद्धा नाही.

त्या सोमवारी हर्षिताने तिला तीन नव्या लोकांना काम शिकवायला सांगितलं. हर्षिता टीमची प्रमुख. कित्येक पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या, जयनगरच्या मराठी घरातली. पहिल्याच दिवशी तिने कावेरीला सांगितलं होतं, ‘मॅडमबिडम नको, अक्का म्हण.’ एवढ्या मोठ्या घरच्या बाईने असं म्हणावं याचं कावेरीला फार अप्रूप वाटलं होतं.

शिकवायला नमुन्याच्या नव्या फाइल आल्या होत्या. पहिली लावली : एक गृहस्थ लॉकरची चौकशी करत होते, बोलताना जांभई देत. प्रीमियम. दुसरीही झाली. तिसरी ‘मास’चा नमुना होती.

‘माय मदर इज रोलिंग बीडी सिन्स थर्टी इयर्स,’ एक मुलगी सांगत होती. ‘शी इज स्टडीड ओन्ली फोर्थ स्टँडर्ड. बट शी टोल्ड मी,’ इथे नावाच्या जागी बारीक शिट्टी वाजली, ‘यू लर्न इंग्लिश.’

नव्यांतली निवेदिता फिसकन हसली. ‘हे तर दोन सेकंदांत कळतं,’ ती म्हणाली.

कावेरीला दोन सेकंदही लागले नव्हते. आवाज तिचा स्वतःचा होता. याच ऑफिसातली मुलाखत. घरच्यांबद्दल सांगा म्हणाले होते, आणि तिने ताठ मानेने सांगितलं होतं.

नव्यांना चहाला पाठवून ती तडक हर्षिताच्या टेबलापाशी गेली.

‘अक्का, तिसरी फाइल माझ्या मुलाखतीची आहे.’

हर्षिताने मान वर केली नाही. ‘हो का? पण नाव काढलंय ना?’

‘नाव काढलंय. आई ठेवलीय.’

आता हर्षिताने तिच्याकडे पाहिलं. ‘अगं, जुन्या मुलाखती एचआरने दिल्या, त्यात आलं असेल. तू फॉर्मवर सही केलेलीस.’

‘नोकरी मिळावी म्हणून केली होती. माझ्या आईला कुणी हसावं म्हणून नाही.’

‘सरी, ठीक आहे, मी बोलते त्यांच्याशी. तू स्वल्प शांत हो बघू.’ हर्षिताने माउस पुढे ओढला. ‘आपण असं करू, तुझी फाइल अ‍ॅस्पिरेशनलमध्ये टाकते. आत्ताच. कुठून कुठे आलीस तू, तो शब्द तुझ्यासाठीच आहे.’

ती हे मनापासून म्हणत होती. आपण हिचं भलं करतोय असं तिला खरंच वाटत होतं, आणि त्यानेच कावेरीच्या डोक्यात तिडीक गेली.

‘तुमच्या आईला कशात टाकाल?’ दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘तुम्ही’ आलं.

‘माझी आई कुठून आली मध्ये?’

‘का? माझी आलीच आहे की.’

हर्षिताचा चेहरा आवळला. ‘कावेरी, हे प्रोफेशनल नाही.’

कावेरी परत फिरली. नवे चहा घेऊन आले होते. ती उभ्यानेच म्हणाली, ‘तिसरा आवाज माझा आहे. ती बाई माझी आई, गंगव्वा. तिने विड्या वळल्या म्हणून मी बी.ए. झाले. हसायचं असेल तर आता हसा, माझ्यासमोर.’

कुणी हसलं नाही. ‘सॉरी, अक्का,’ निवेदिता पुटपुटली.

‘मला अक्का म्हणू नकोस.’

पण जागेवर जाऊन बसल्यावर तिला धड त्या पोरीवर चिडताही येईना. निवेदिता एकदा हसली होती. आपण दिवसाला चारशे वेळा काय करत होतो? तिने आपल्याच जुन्या कामातली एक ‘मास’ फाइल उघडली. एक म्हातारा. ‘सार’ ऐकून तिने ती तिथेच तोडली होती. आता शेवटपर्यंत ऐकली. दगड फोडून त्याच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या, अंगठा मशीनला लागत नव्हता, पेन्शन अडकली होती. हा त्याचा पाचवा फोन. एवढं सांगून शेवटी तो ‘थँक्यू सार’ म्हणाला होता, आणि ते थँक्यू तिला चाबकासारखं लागलं.

खराब रेकॉर्डिंगसाठी एक वेगळं बटण होतं : ‘ऐकू येत नाही.’ कावेरीने त्या दुपारपासून प्रत्येक आवाजावर तोच शिक्का मारला. जांभया देणाऱ्यांवर आणि सार म्हणणाऱ्यांवरही. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर झाले. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला. तिने लिहिलं, ‘मुद्दाम केलं.’ ओळखपत्र काढून घेतलं. तिचे शिक्के पुसून दुसऱ्या कुणी ते काम पुन्हा केलं, हे तिला नंतर कळलं. नमुन्यातली तिची फाइल मात्र काढली होती. तिच्या जागी आणखी कुणाची तरी घातली असणार.

ओळखपत्र काढून घेतलं त्याच सकाळी, अकराच्या सुमारास, खोलीवर येऊन तिने आईला फोन लावला आणि नोकरी सोडल्याचं सांगितलं.

‘सोडलीस? का गं बाळ? काय म्हणाले तुला?’

‘मास म्हणाले.’

‘म्हणजे?’

कावेरीला मराठीत पटकन शब्द सापडेना. ‘म्हणजे, ढिगाने असतात ते. ज्यांना थांबवून ठेवलं तरी चालतं.’

पलीकडे गंगव्वाने जरा विचार केला. ‘मग त्यात खोटं काय बोलले?’ ती शांतपणे म्हणाली. ‘त्यासाठी चांगली नोकरी सोडतात होय?’

आईच्या त्या शांतपणाचा कावेरीला जेवढा राग आला, तेवढा हर्षिताचाही आला नव्हता. फोन मात्र तिने ठेवला नाही. ‘आई, खोटं आहे ते,’ ती म्हणाली. ‘हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेव आणि ऐक.’ आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.