एकच स्कॅनर

पवनानगरच्या चौकात जीप उभी होती आणि तिच्यात बसायला कोणी तयार नव्हतं.

पुढच्या सीटवर वकील सुमय्या वाट पाहत होती. वडगावच्या मोफत कायदा मदत केंद्रातून ती आली होती. तिची फी कैलासला पडत नव्हती. कैलास दाराला धरून उभा होता. आयकर खात्याच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत उद्या संपत होती. उत्तर गेलं नाही, तर सात लाखांचा कर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसणार होता.

धरणाकाठी कैलासचे तंबू दोनच. पण धड फोन आणि चालतं खातं त्याचंच, म्हणून सगळ्यांनी त्याचाच स्कॅनर टांगला होता. तंबू कोणाचा, होडी कोणाची, तळलेले मासे कोणाचे. गिऱ्हाइकाचे पैसे पडायचे कैलासच्या खात्यात. दर सोमवारी तो रोकड काढून ज्याची त्याला द्यायचा. घरचीच माणसं, लिहून कोण ठेवतंय? आयकर खात्याने या सगळ्याची बेरीज केली आणि कैलासला बावीस लाखांचा धनी करून टाकलं. मोफत वकिलासाठी त्याने तहसिलातून जो दाखला काढला, त्यावर वर्षाचं उत्पन्न नव्वद हजार होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून सुमय्या पहिल्या दिवशी हसली होती. आज ती हसत नव्हती.

"वडगावला जाऊन आपापल्या वाट्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचं, एवढंच," ती पुन्हा म्हणाली. "वाटे वेगळे झाले की बहुतेकांना कर लागणारच नाही."

"आन् उद्या नोटीस आमच्या दारात आली मंजी?" होडीवाल्या आकाशने विचारलं.

"येऊ शकते. आली तर मी आहे."

सगळ्यांचे डोळे महिपतीकडे वळले. कैलासचा थोरला भाऊ. पंधरा तंबू त्याचे. काठावर कुठलंही काम असो, आधी महिपतीने पाऊल उचलायचं, मग बाकीच्यांनी.

"बहुतेकांना म्हंता, वकीलबाई. माझं काय?"

सुमय्याने शब्द चघळले नाहीत. "तुम्हाला भरावा लागेल. सात लाख नाही, पण भरावा लागेल."

"मंग मी कशाला बसू? खातं कैलासचं, नोटीस कैलासची."

कैलासने भावाच्या हाताकडे पाहिलं. नोटांची सगळ्यात जाड थप्पी तो याच हातात ठेवत आला होता.

"सरका रं!" मागून मासे तळणारी अमिनामावशी आली. "मासं मी तळलं, पैसं मी खाल्लं. माझा कर ह्या पोरानं का भरायचा?"

"मावशी, भाऊ अजून बसला न्हाई," आकाश पुटपुटला.

"त्यो काय नवरदेव हाय व्हय, त्याच्याबिगर वरात हलंना?"

आकाशला हसू फुटलं, आणि हसल्यावर त्याला तिथं उभं राहवेना. तो चढला. त्याच्यामागून चहावाली धोंडाबाई चढली. खाली दोघे भाऊच उरले.

सुमय्याने फोन कानाला लावला. "कैलास, टायपिस्ट थांबलाय. तुमच्या उत्तरात भावाचा वाटा कोणाचा म्हणून लिहू? खोटं मी लिहिणार नाही. गप्प राहिलात, तर तो तुमचाच धरतील."

महिपती जवळ आला. "नाव घे बरं. घेऊन बघ. आजपासनं आई तुज्याकडं. आन् माज्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

आई दोघांकडे सहा-सहा महिने असायची. कैलासची एकच खोली. तिच्यात तो, बायको, दोन पोरं. भाऊ बोलल्याप्रमाणे वागणारा होता, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ड्रायव्हरने जीप सुरू केली.

"महिपती," कैलास म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते बुडालं, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "महिपती. सख्खा भाऊ. पंधरा तंबू त्याचे."

सुमय्याने फोनवर तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. कैलास चढला. महिपतीने बाहेरून दार लोटलं, जोरात नाही, अगदी बेताने.

"येताना घरावरनं ये," तो म्हणाला. "आईची पेटी भाईर काढून ठिवतो."