रडक्या चेहऱ्याचे बटण

मिसबाह रोज आठ वाजून दहा मिनिटांनी देवपुरातल्या त्या खासगी दवाखान्यात पोचत असे. ओढणीला पिन लावायची, केसपेपरच्या खिडकीची जाळी सरकवायची आणि ओल्या फडक्याने समोरच्या यंत्राचा पडदा पुसायचा, हा तिचा क्रम. पडद्यावर एकच प्रश्न होता, ‘आज तुम्हाला कसे वाटले?’ आणि त्याखाली तीन चेहरे: हसरा, मख्ख आणि रडका. चुकून बोट लागू नये म्हणून ती कडेकडेनेच पुसत असे. तरी पंधरवड्याच्या अहवालात तिच्या खिडकीला शंभरात एक्याऐंशी रडके चेहरे निघाले.

व्यवस्थापक स्वप्नील स्वभावाने वाईट नव्हता. त्याचा यंत्रावर विश्वास होता, एवढेच.

“मॅडम, माणूस कागद घेऊन विचारायला गेला की लोक भिडेखातर चांगलंच बोलतात. यंत्रापुढे भीड नाही. महिनाअखेर तुमचा करार वाढवायचा की नाही, हे वरचे साहेब यावरूनच ठरवणार.”

“सर, पण यंत्र ‘का’ असं विचारत नाही.”

“म्हणून तर दिवसाला चारशे मतं मिळतात.”

मिसबाहने पुढचा केसपेपर ओढला.

त्या दिवशी सोनगीरचे उखर्डू आबा खिडकीशी आले. त्यांची बायको तीन दिवसांपासून वरच्या वॉर्डात होती. मिसबाहने त्यांचा हरवलेला केसपेपर शोधून दिला, तेव्हा आबांनी तिच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिले आणि यंत्राकडे वळून निवांतपणे रडका चेहरा दाबला.

“आबा, माझं काही चुकलं का?”

“नही व पोरी, तू ते सोनं शेस.”

“मग रडकं तोंड का दाबलं?”

आबांनी तिच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “मनी घरवाली वर पडेल शे, अन मी आठे हसरं तोंड दाबू? लोके काय म्हणतीन?”

मागे रांगेत उभ्या असलेल्या ताईबाईंनी मान डोलावली. “मी बी तेच दाबस. हसरं दाबाले लाज वाटस.”

दुपारी मिसबाहने हे सांगितले, तेव्हा स्वप्नील आधी हसला, मग विचारात पडला.

“तुम्हीच हळूच सांगा ना लोकांना, हसरं दाबा म्हणून.”

“मग ती माझी मतं होतील, सर.”

दुसऱ्या दिवशी ती पावणेआठलाच आली. यंत्राच्या चाकांचे खटके सोडून तिने ते मागच्या दारापाशी ढकलत नेले. बरी झालेली माणसे त्या दाराने घरी जात. वायर पुरेना, तेव्हा घरून आणलेली जोडली. मग दवाखान्याच्या नोंदवहीत तारीख घालून लिहिले, ‘यंत्राची जागा बदलली. कारण: खिडकीपाशी माणसे आजारपण घेऊन येतात’ आणि खाली सही केली. प्लग लावण्याआधी पडदा पुसला, या वेळी अगदी मधोमध. खिडकीत परतून तिने जाळी सरकवली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला नाव विचारले.