माझी एकच रेष

खरं तर मी हे सांगायला नको. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी आमची रीत आहे. पण आज माझ्यावर आळ आलाय, म्हणून बोलतोय. मी हायड्रोजनच्या अणूचा गाभा.

जन्मापासून मी भोवऱ्यासारखा फिरतो. एरवी त्या फिरण्याला दिशा नसते. पण झुरिचच्या या तळघरात एक प्रचंड चुंबक आहे. काचेच्या बारीक नळीतून त्याच्या पोटात उतरलं की त्याच्या ओढीने आम्ही रांगेत येतो. मग रेडिओलहरीचा हलका धक्का बसतो. आम्ही कलंडतो आणि सावरता सावरता गुणगुणतो. ते ऐकून यंत्र पडद्यावर रेषा काढतं.

ज्याला जसा शेजार, तसा त्याचा सूर. माझ्या रेणूतल्या इतरांच्या रेषा शेजाऱ्यांच्या कुजबुजीने दुभंगतात, तिभंगतात. मी मात्र ऑक्सिजनच्या टोकाला सैल लटकलेला. आज या रेणूवर, उद्या त्या रेणूवर. ओळख व्हायच्या आतच जागा सुटते. म्हणून माझी रेष एकच, कुणाशी न बोललेली.

रेगुलाने हा पदार्थ मोठ्या कष्टाने बनवला. माझी रेष दिसताच ती हसली होती. माझ्याकडे पाहून हसलेली ती पहिलीच.

तेवढ्यात तिचे मार्गदर्शक अम्मान सर आले.

"पडद्यावर ही एकटी रेष कोण उभी आहे? अ‍ॅसिटोन! नळी त्याने धुतलीस आणि ओलीच वापरलीस."

"वाळवली होती, सर."

"हो, आणि आमच्या गावच्या गायी कॉफी देतात!"

"सर, ती माझ्याच पदार्थाची आहे. जड पाण्याचा थेंब टाकून दाखवू? अ‍ॅसिटोन असेल तर हलणार नाही. माझी असेल तर जाईल."

"दाखव. नाही गेली, तर उद्यापासून हे काम तुझ्या सहकाऱ्याकडे, लूककडे."

तिने नळी बाहेर काढली. जड पाण्यात माझ्यासारख्यांच्या जागी माझा जाडजूड भाऊ राहतो. तो माझी जागा घेईल आणि मी त्याच्या थेंबात जाईन. नळीतला आमचा द्रव जड पाण्याहूनही जड, म्हणून तो थेंब वर तरंगतो. तिथवर यंत्राचा कान पोचत नाही. भावाचा सूर तर इतका वेगळा, की यंत्र त्याला ओळखणारही नाही.

मी राहिलो तर ती खोटी ठरेल. गेलो तर खरी.

थेंब पडला. ती नळी हलवतेय.

"ए, सरक की जरा!" भाऊ आलासुद्धा.

आलो रे, थांब. रेगुला, आता पडद्यावर माझी जागा रिकामी दिसेल, तेव्हा मघासारखंच एकदा—