गुणाबाईच्या फुप्फुसातली मी

मित्रांनो, पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या गुणाबाई कोळणीच्या डाव्या फुप्फुसात एक केसाहून बारीक रक्तवाहिनी आहे. तिच्या आतल्या अस्तरातली मी एक जुनी पेशी. मला नाव नाही, आणि हल्ली मला फारसं काही वाटतही नाही. तरी सांगते.

माझं काम सोपं होतं. माझ्या पाठीमागे स्नायूंच्या पेशी असतात. त्यांना मी सारखा निरोप धाडायचा, सैल राहा गं बायांनो, रक्ताला वाट द्या. फुप्फुसात रक्ताचा दाब मुळातच कमी असतो. गुणाबाई तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन हाका मारत फिरायची, तेव्हाही रक्त माझ्या अंगावरून अलगद जायचं. तेव्हा छान वाटायचं, एवढं आठवतं.

आमच्यात एक रीत आहे. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथली वाहिनी आवळायची, म्हणजे रक्त हवेच्या कोपऱ्याकडे वळतं. बाजारातली एक गल्ली बंद असली की माणसं दुसरीने जातात, तसंच. पण चुलीच्या धुराने गुणाबाईचं सगळंच फुप्फुस खराब झालं, हवा कुठेच पुरेना. मग सगळ्याच वाहिन्यांनी आवळून घेतलं. रक्ताने आता जायचं कुठून, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही.

दाब वाढला. रक्त आपटत येऊ लागलं. मी ताणले, दुखले, मग जाड झाले आणि निरोप धाडायचं हळूहळू सोडूनच दिलं. रक्त ढकलून ढकलून हृदय थकलं. अंगात पाणी साचून गुणाबाईचे पाय सुजले.

डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन सांगितलं, रोज पंधरा तास तरी नाकात नळी. गुणाबाई ती फक्त झोपताना लावायची. तेवढ्यापुरत्या आम्ही जराशा सैलावायचो. बाजाराला निघताना नळी खुंटीवर. तिच्या मुलीने, किशोरीने, खांद्याला अडकवायचं छोटं मशीन आणलं, तेही घरीच पडून.

"आई, डॉक्टर काय बोलले? हृदय बंद पडेल तुझं!" किशोरी रडकुंडीला आली.

"नळी लावून बसली तर माजा म्हावरा कोन घेईल? लोक बोलतील, बाय रोगी हाय. गिऱ्हाईक तुटला तर जगून काय करू?"

एके सकाळी टोपली उचलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. आत आम्ही पार आवळून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी किशोरी रजा काढून, ते छोटं मशीन घेऊन बाजारात आली, आईच्या नाकात नळी घातली आणि शेजारीच बसली. गुणाबाईने पदर नाकावर ओढून घेतला.

तेवढ्यात हुस्नबानो आली. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"या अल्ला! गुणाबाय, पदराखाली काय लपवलंस?"

गुणाबाईने पदर आणखी घट्ट धरला. हृदय एवढं धडधडलं की बाई घाबरलीय हे मलाही कळलं.

"हवेचा मशीन हाय," ती शेवटी म्हणाली. "मना दम लागतो."

"बरं. आणि हे पापलेट कालचं दिसतंय. भाव कमी कर."

"कालचा? डोले फुटले काय तुजे? कल्ले बघ, लालभडक हाय! आन तुला कमी भावात पायजे!"

भांडता भांडता पदर कधी घसरला, तिला कळलंच नाही. हवा येत राहिली, भर बाजारात, दिवसाउजेडी. माझ्या काही शेजारणी थोड्या सैलावल्या. मी नाही. मी फार जाड झालेय, मला आता ते जमत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, कुणाच्या नाकात नळी दिसली तर टक लावून बघू नका, चुकचुकू नका. कल्ले उघडून बघा, भाव करा, खुशाल भांडा. माझं राहू द्या. माझ्या शेजारणी अजून वाचतील.