राखलेलं पाणी

योगिनी नाशिकहून सटाण्याकडच्या त्या गावात दर हंगामाला विहिरी मोजायला यायची. पडलेल्या पावसातलं किती पाणी जमिनीत मुरतं, याचा अंदाज काढणं हे तिचं काम. लंकाबाईच्या पुढाकारानं गावातल्या बायांनी डोंगरावर चर खणले, त्याला दोन उन्हाळे झाले होते. पहिल्या वर्षी विहिरी तुडुंब भरल्या. ते पाहून ज्यानं त्यानं बोअर मारले, डाळिंबं लावली. यंदा माघातच पिण्याच्या विहिरीचा तळ दिसू लागला.

चावडीपुढे जमलेल्यांना योगिनीनं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. इथला पाऊस मुळात थोडा. त्यातलं बरंचसं उन्हानं उडून जातं, काही ओढ्यानं वाहून जातं. खाली काळा पाषाण, त्यामुळे मुरतं ते जेमतेमच.

"चरांमुळे मुरणं वाढलं, हे खरं. पण तुमचा उपसा त्याच्या दुप्पट आहे. निम्मे बोअर बंद ठेवले तर पिण्याची विहीर टिकेल."

"आकडा जरा वाढवून लिहा की," पुंजाराम म्हणाला. त्याचं शेत लंकाबाईच्या शेताला लागूनच.

"लिहिला तरी पाणी वाढायचं नाही, काका."

मग लंकाबाई उठली.

"माझा बोअर आजपासून बंद. बाकीच्यांनी आपापलं बघा."

तिनं खरंच मोटार वर काढून घरात ठेवली. बाग ऐन फुलावर होती. नवरा, खंडेराव, कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही. सकाळी नुसता झाडांमधून फिरून यायचा. चैत्रात पानं गळाली. वैशाखात त्यानं स्वतःच्या हातानं झाडं तोडली. दुसऱ्या कुणीही बोअर बंद केला नाही. पुंजारामनं तर बांधालगत आणखी एक मारला, पहिल्यापेक्षा खोल.

पावसाळा सरल्यावर योगिनी आली. तिनं पिण्याच्या विहिरीत टेप सोडली, ओढून घेतली, पुन्हा सोडली. पाणी गेल्या वर्षीपेक्षाही खाली होतं. लंकाबाई काठावर उभी होती.

"पाऊस तर बरा झाला ना, ताई?"

"झाला, मावशी."

"मंग मी राखलेलं पाणी गेलं कुठं?"

योगिनीनं टेप गुंडाळली. "जमिनीखाली बांध नसतो, मावशी. शेजारचा बोअर खोल आहे. पाणी तिकडं ओढलं गेलं."

लंकाबाईनं पलीकडे पाहिलं. पुंजारामची झाडं फळांनी वाकली होती.

"म्हंजे माझी बाग मारून मी त्याची जगवली."

नाही म्हणावं असं योगिनीला फार वाटलं. तिनं वहीत खरा आकडा लिहिला.

दोन दिवसांनी खंडेरावनं मोटार पुन्हा बोअरमध्ये सोडली. बटण दाबल्यावर थोडं गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा येत राहिली.

"ऱ्हाऊ द्या आता," लंकाबाई म्हणाली.

दिवाळीनंतर दोघं नाशिकजवळ सातपूरला मुलाकडे राहायला गेली. मुलगा योगेश तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. उन्हाळ्यात योगिनीनं ख्यालीखुशालीसाठी फोन केला. तो खंडेरावनं उचलला. लंकाबाई बोलायला आली नाही.

"बरी हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "सकाळी नळ येतो. बादली भरून वाहती, मोरीत पाणी जातं. ही शेजारी बसलेली असती. उठून बंद करत नाय."